विश्लेषण : रझाकार म्हणजे नेमके कोण? मराठवाड्यातला शब्द ढाक्यात कसा गाजला?

राळेगणसिद्धीहून नगरमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाताना प्रवरासंगमजवळ गोदावरी लागते. १९४८ पर्यंत नदीच्या अलीकडे मुंबई प्रांत होता आणि पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. अलीकडची गावे १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाली. पलीकडच्यांना आणखी १३ महिने थांबावे लागले. त्या काळातील दहशतीचे नाव होते रझाकार. पुढे १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धातही हेच नाव पुन्हा ऐकू आले.

रझाकार कोणाचे होते?

रझाकार या उर्दू शब्दाचा अर्थ स्वयंसेवक. हैदराबादेत ही मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या पक्षाची संघटना होती. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी १९४६ मध्ये मजलिसचा अध्यक्ष झाला. हैदराबाद भारतात विलीन होऊ नये, स्वतंत्र राहावे, ही त्याची मागणी. म्हणजे ‘स्वातंत्र्य’ हा शब्द दोन्ही बाजूंच्या तोंडी होता, अर्थ मात्र उलटा.

विलीनीकरण मागणाऱ्या गावांवर रझाकारांनी जाळपोळ, लूट आणि खून केले. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा गावात हत्याकांड झाले. विरोध करणारे मुस्लिमही सुटले नाहीत. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली.

सैन्य असताना ही फौज कशाला?

खरा मुद्दा इथे आहे. संस्थानच्या सैन्याने गाव जाळले, तर जाब निजामाला विचारला जाणार. रझाकार मात्र कागदावर एका पक्षाचे स्वयंसेवक. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा आत शिरल्या, तेव्हा ते संस्थानच्या सैन्याच्या बाजूने लढायला उतरले. १७ तारखेला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि काही दिवसांतच रेडिओवरून सगळे खापर रझवीच्या गटावर फोडले.

बांगलादेशात काय वेगळे होते?

तिथे आडपडदा नव्हता. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल टिक्का खान यांनी अध्यादेश काढून रझाकार दल उभारले आणि पुढे ते थेट लष्कराच्या हाताखाली गेले. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्या सैनिकांना ना बंगाली येत होती, ना गावे माहीत होती. वाट दाखवणे, मुक्तिवाहिनीला मदत करणारी घरे ओळखून देणे, पूल आणि रेल्वेमार्गांवर पहारा ठेवणे ही कामे स्थानिक रझाकारांची. अशा मदतीशिवाय परक्या मुलखात सैन्य आंधळेच असते.

हिशेब चुकता झाला का?

रझवीला दरोड्याच्या खटल्यात शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला. बांगलादेशात युद्धगुन्ह्यांसाठीचे न्यायाधिकरण २०१० मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये अब्दुल कादर मुल्ला यांना फाशी झाली.

तोवर शब्द शिवी झाला होता. जुलै २०२४ मध्ये शेख हसीना यांनी नोकऱ्यांतील आरक्षणावर बोलताना रझाकारांच्या नातवंडांचा उल्लेख केला. तो आपल्यालाच उद्देशून आहे, असे मानून विद्यार्थ्यांनी त्याच शब्दाची घोषणा केली. ५ ऑगस्टला हसीना यांना देश सोडावा लागला.

मराठवाड्यात या शिवीची किंमत त्याआधीच मोजली गेली होती. पोलीस कारवाईनंतर रझाकार कोण आणि शेजारी कोण, हा फरक अनेक ठिकाणी कोणी केला नाही. नेमके किती लोक मारले गेले, यावर आजही वाद आहे. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात कारवाईदरम्यान आणि नंतर २७ ते ४० हजार लोक मारले गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. हा अहवाल कित्येक दशके जाहीर झाला नाही.