सुबाभळीचा पाला : अर्धी गोष्ट सांगू नका

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर, संगमनेर, पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेत येतात. चैत्र-वैशाखात माळावरील गवत संपते आणि मेंढपाळ बंधूंना बांधावरच्या सुबाभळीचा आधार वाटू लागतो. तो आधार खोटा नाही. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने मणिभाई देसाई यांच्या नेतृत्वाखाली १९७० नंतरच्या दशकात ह्या झाडाचा पुरस्कार केला, तो त्याच्या गुणांमुळेच. त्याच्या सुक्या पाल्यात शेकडा २० हून अधिक प्रथिने असतात.

परंतु ह्याच पाल्यात, विशेषतः कोवळ्या शेंड्यांत, मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते. मेंढीच्या पोटात त्याचे रूपांतर होऊन गळ्यातील ग्रंथीच्या कार्यात बिघाड होतो. लोकर गळणे, लाळ सुटणे, चारा टाकणे, गळ्याशी सूज येणे ही त्याची लक्षणे होत. गाभण मेंढीला अतिरेकी पाला मिळाल्यास अशक्त कोकरे जन्मतात. हे विष पचविणारे सूक्ष्म जंतू काही जनावरांच्या पोटात असतात. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ जोन्स यांना ते हवाई बेटांतील शेळ्यांत आढळले. तथापि आपल्या कळपात ते पुरेसे आहेत, असे गृहीत धरणे शहाणपणाचे नव्हे.

म्हणून झाडे तोडावीत काय? मुळीच नाही. सुबाभूळ हा पूरक चारा आहे, संपूर्ण आहार नव्हे. एकूण चाऱ्यात त्याचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आत ठेवावे. २५ किलो वजनाच्या मेंढीस दिवसाकाठी सुमारे पाऊण किलो हिरवा पाला पुरे. तोही प्रथम थोडा देऊन दोन-तीन आठवड्यांत वाढवावा. उरलेली भूक कडबा, बाजरीचे सरमाड, मटकी-हुलग्याचे भुसकट यांनी भागवावी. पाला उन्हात सुकविल्यास विष काही अंशी उतरते. गाभण मेंढ्यांना तो कमीच द्यावा. लक्षणे दिसताच पाला बंद करून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

माझे आग्रहाचे म्हणणे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांस आहे. आपण रोप हाती देतो आणि त्याचे गुण सांगतो, पण मर्यादा सांगावयाचे विसरतो. मग एखाद्याच्या मेंढ्यांची लोकर गळू लागली की तो झाडाला दोष देतो, आणि पुढील खेपेस आपला शब्दही मानीत नाही. ह्यास्तव रोपाबरोबर प्रमाणही सांगावे. मेंढपाळाचे भांडवल म्हणजे त्याचा कळप. अर्धवट सल्ल्यापायी त्याला तोशीस लागू नये, हे पाहणे आपले कर्तव्य होय.