'मॅडम, तुम्ही केअर घेतली नाही'

हे वाक्य पुण्यातल्या बहुतेक सलूनमध्ये मोफत मिळतं. बाकी सगळ्याचे पैसे पडतात. रीबॉन्डिंग किंवा स्मूदनिंग करून पाच-सहा महिने झालेले असतात, मुळाशी दोन-तीन बोटं आपले मूळचे कुरळे केस डोकं वर काढून बसलेले असतात, आणि बरोबर त्या सांध्यावर केस तुटायला लागलेले असतात. तुम्ही टच-अपसाठी जाता. तिथला मुलगा एक बट उचलतो, बोटांत चुरगाळतो, डॉक्टरने एक्स-रे बघावा तसा चेहरा करतो आणि म्हणतो, "मॅडम, तुम्ही केअर घेतली नाही." झालं! गुन्हा सिद्ध. आता शिक्षा म्हणून हेअर स्पाचं सहा सिटिंगचं पॅकेज, शाम्पू-कंडिशनर-सिरम हे त्रिकूट, आणि त्यावर पुन्हा तेच केमिकल.

माझं म्हणणं सरळ आहे (केसांसारखंच, सध्या तरी :)). दोन टच-अपच्या मधे केस तुटतात त्यातलं बरंचसं तुटणं सलूनच्या खुर्चीतच ठरलेलं असतं. आणि जे खरोखर आपल्या हातात असतं ते नीट करायचं तर डोक्यावर काय ओतलं गेलंय हे आधी कळायला हवं. ते कुणीही सांगत नाही. मग केअर नेमकी कशाची घ्यायची, राव?

थोडं केमिस्ट्रीत शिरू, घाबरू नका. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना दोन प्रकारे धरून असतात. एक साधे हायड्रोजन बंध, जे पाण्याने आणि उष्णतेने सुटतात. म्हणून घरी इस्त्री केलेले केस जूनमध्ये ऑफिसच्या पार्किंगमधून लिफ्टपर्यंत जाईस्तोवर परत कुरळे होतात. दुसरे गंधकाचे, डायसल्फाइड बंध. केसाचा आकार आणि ताकद मुख्यतः ह्यांच्यावर. रीबॉन्डिंगमध्ये अमोनियम थायोग्लायकोलेटचं क्रीम लावून हे बंध तोडतात, केस इस्त्रीने सरळ करतात, आणि मग न्यूट्रलायझर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते नव्या जागी जोडतात. सगळे बंध काही परत जोडले जात नाहीत. म्हणजे उत्तम हाताने, उत्तम मालाने केलेलं रीबॉन्डिंगसुद्धा केस आधीपेक्षा थोडा कमजोर करूनच सोडतं. रोलबॅकची सोय नाही. डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो, तो स्वतःला दुरुस्त करत नाही. कितीही 'रिपेअर' लिहिलेली बाटली आणा.

आता मुख्य मुद्दा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. सहा महिन्यांनी टच-अपला गेलात तर नवा, केमिकल न लागलेला भाग सहा सेंटिमीटरचा. काम तेवढ्याच भागावर करायचंय. बाकीची लांबी आधीच प्रोसेस झालेली आहे, तिथे तेच क्रीम पुन्हा लावणं म्हणजे एकदा मायग्रेट केलेल्या डेटाबेसवर तीच स्क्रिप्ट परत चालवणं. आपल्या टीममध्ये असं कुणी केलं तर शुक्रवारी रात्री बारापर्यंत कॉलवर बसवतील त्याला. सलूनमध्ये मात्र हे रोज चालतं. माझ्या टीममधल्या एका मुलीच्या डोक्यावर मुळापासून टोकापर्यंत थाप लावून क्रीम लावलं गेलं. का, तर "मॅडम, सगळं इव्हन दिसेल". तीन आठवड्यांत तिची वेणी निम्मी झाली. तिने फोन केला तेव्हा काय उत्तर मिळालं ते शीर्षकात आहे.

फक्त नव्या केसांवर क्रीम लावायला वेळ लागतो हो. बारीक बारीक भाग पाडायचे, जुन्या केसांना सांध्यापाशी जाडसर कंडिशनर किंवा व्हॅसलीनसारखं काहीतरी लावून झाकायचं, आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचं. शनिवारी दुपारी वेटिंगला आठ जणी बसलेल्या असताना एवढा वेळ कोण घालवणार? मग हात फिरतो टोकापर्यंत. बिल मात्र 'फुल लेंग्थ'चं.

ह्या बाबतीत जगात सगळ्यात जास्त अनुभव कुणाकडे असेल तर तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांकडे. त्यांचा 'रिलॅक्सर' आपल्या थायोपेक्षा कडक. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चक्क कॉस्टिक सोडा, नाहीतर त्याचा थोडा सौम्य भाऊबंद. क्रिस रॉकच्या २००९च्या 'गुड हेअर' ह्या माहितीपटात ह्याच रसायनात कोल्ड्रिंकचा ॲल्युमिनियमचा कॅन विरघळताना दाखवलाय. (त्याच माहितीपटात तो तिरुपतीलाही येतो, तिथे देवाला वाहिलेले केस अमेरिकेत विकले जातात म्हणून. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) तिथल्या बायकांना दर दोन-अडीच महिन्यांनी टच-अप लागतो, त्यामुळे मधल्या काळाचं एक पूर्ण शास्त्र त्यांनी आईकडून, मावशीकडून, शेजारच्या पार्लरवालीकडून गोळा केलंय. नवा केस आणि जुना केस जिथे भेटतात ती रेघ सगळ्यात नाजूक, हे त्यांच्याकडे कॉलेजातल्या मुलीलाही माहीत असतं. टच-अपच्या आधी काही दिवस डोकं खाजवायचं नाही. जुन्या केसांना आधी क्रीमचं कवच. केमिकल धुताना असा शाम्पू वापरायचा की डोक्यात अल्कली शिल्लक असेल तर फेसच गुलाबी होतो, आणि फेस पांढरा होईपर्यंत धुवायचं. काय सुंदर एरर मेसेज आहे! आपल्याकडे तंत्र आलं, मशीन आलं, दरपत्रक आलं. हे शहाणपण कस्टम्समध्येच अडकलं बहुतेक.

आणि त्यांनी ह्याची किंमतही मोजलीय. अमेरिकेतल्या 'सिस्टर स्टडी' ह्या पाहणीचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२२मध्ये आले. ३३,४९७ बायका, सुमारे अकरा वर्षं नोंदी. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा स्ट्रेटनिंगची उत्पादनं वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण ४.०५ टक्के, अजिबात न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के. ह्यावरून 'केमिकलमुळेच कॅन्सर' असं सिद्ध होत नाही, तो संबंध आहे, कारण नव्हे. मला त्यातली दुसरीच गोष्ट टोचली. कुठला ब्रँड, कुठलं रसायन, ही माहिती त्या अभ्यासात गोळाच झालेली नव्हती. म्हणजे एवढ्या बायका, एवढी वर्षं, आणि शेवटी 'स्ट्रेटनर' एवढा एकच कॉलम!

आपल्याकडे तर नावांचीच जत्रा. स्मूदनिंग, केराटिन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया, सिस्टीन... बोटॉक्समध्ये बोटॉक्स नसतं, आणि केराटिन ट्रीटमेंटमध्ये केस सरळ करण्याचं काम केराटिन करत नाही. ते काम बऱ्याचदा करतं फॉर्मल्डिहाइड किंवा ग्लायऑक्सिलिक ॲसिड. २०१०मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सलूनवाल्यांनाच डोळ्यांची जळजळ, नाकातून रक्त असे त्रास होऊ लागले, म्हणून 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' छापलेली बाटली तपासली. आत फॉर्मल्डिहाइड निघालं. मार्च २०२४मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ट्युनिशियातल्या एका २६ वर्षांच्या बाईची केस आली. २०२०, २०२१ आणि २०२२, तीन वेळा स्ट्रेटनिंग केलं, तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड होतं. तेच क्रीम उंदरांना लावलं तर त्यांच्या मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे दिसले. वय २६. आपल्या बॅचचंच की. तेव्हा 'मॅडम, हे हर्बल आहे' असं कुणी म्हणालं तर बाटली मागा. मागितली की चेहरे बघण्यासारखे होतात.

नाव कळणं हा निव्वळ जिज्ञासेचा भाग नाही. हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर लावलेल्या केसांवर थायोचं रीबॉन्डिंग केलं तर केस हातात येतात, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. काही काळ्या मेंदींमध्ये आणि केस काळे करणाऱ्या पावडरींमध्ये धातूचे क्षार असतात, त्यांवर पेरॉक्साइड पडलं तर केस गरम होतो, जळतोही. मागच्या वेळी डोक्यावर काय घातलं हे लिहिलेलंच नसेल तर पुढचा माणूस अंदाजाने काम करणार. आणि आपण सलून बदलतोच, कारण कंपनी बदलतो, फ्लॅट बदलतो.

आता 'मग करतेसच कशाला?' हा प्रश्न. तो विचारणाऱ्या दोन पार्ट्या. एक आत्या पार्टी, जिला सगळ्यावर खोबरेल तेल हा उपाय वाटतो. दुसरी नवी, कुरळे केस मिरवणारी पार्टी, जिला सरळ केसांची प्रत्येक मुलगी गुलाम वाटते. दोघींनाही माझा नमस्कार. क्लायंट व्हिजिटच्या दिवशी कुरळ्या केसांच्या मुलीला 'आज घाईत आलीस का?' असं कुणी विचारायचं बंद झालं की आपण निवांत बोलू. कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये केसांच्या ठेवणीवरून नोकरीत भेदभाव करू नये म्हणून कायदा केला, तो काही उगाच नाही. माझे केस, माझा पगार. मला उपदेश नकोय, माहिती हवीय.

आत्या पार्टीला एका बाबतीत मात्र गुण द्यायला हवेत. २००३मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले ह्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल ह्यांची तुलना केली, तर केसातल्या प्रथिनाची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. (अभ्यास मॅरिकोच्या प्रयोगशाळेतला, आणि मॅरिको खोबरेल तेल विकते, हेही लक्षात असू द्या. तरी मुद्दा पटण्यासारखा आहे, ह्या तेलाचे रेणू केसाच्या आत शिरतात.) तर धुण्याआधी तेल, हो. तेल लावून खसाखसा चोळणं, नाही.

बाकी मधल्या महिन्यांत आपल्या हातात काय, तर सांध्यावर ताण न देणं. ओला केस सगळ्यात कमकुवत, म्हणून टॉवेलने रगडायचा नाही, ओल्या केसांना रबर लावून स्टँड-अपला पळायचं नाही. मोठ्या दातांचा कंगवा, टोकाकडून सुरुवात करून वर. पोनी रोज त्याच जागी, तितकीच घट्ट नको. आपला तो प्रसिद्ध पुणेरी स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट, हे काढायला मी सांगणार नाही, हेल्मेट घालाच. पण सुती कापड घासतं, आतून सॅटिनचा पातळ रुमाल बांधा. उशीला सॅटिनचा अभ्रा घातलात तर रात्रीही तोच फायदा. वाकड, हिंजवडीकडे टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं, त्याने केस काथ्यासारखा लागतो. शेवटचा एक मग फिल्टरच्या पाण्याचा घेतला तरी फरक जाणवतो. आणि मुळाशी आलेले कुरळे केस दडपायला रोज इस्त्री करणार असाल तर तुटण्याचं निम्मं कारण तिथेच सापडेल. ओल्या केसावर इस्त्री फिरवली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात अक्षरशः बुडबुडे होतात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. केस पूर्ण सुकवा, तापमान निम्म्यावर ठेवा, एकदाच फिरवा.

एक छोटी तपासणी मात्र टच-अपच्या आधी घरीच करता येते. कंगव्यात आलेले केस बघा. टोकाला पांढरा ठिपका असेल तर तो मुळापासून गळलेला केस, रोज पन्नास-शंभर गळणं नॉर्मल. ठिपका नसलेले छोटे छोटे तुकडे असतील तर ते तुटणं. मग एक केस ओला करून हलकेच ताणा. थोडा लांबून परत आला तर ठीक. च्युइंगगमसारखा लांबत जाऊन तुटला तर टच-अप दोन-तीन महिने पुढे ढकला, कुणाचंही लग्न असो. अशा केसावर केमिकल लावायला तयार होणारं सलून, कितीही चकाचक असो, सोडून द्या.

आणि लावायचंच असेल तर खुर्चीत बसल्याबरोबर, ॲप्रन बांधायच्या आधी, मोबाईल काढून बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो घ्या. न्यूट्रलायझरच्या बाटलीचाही. कुठल्या लांबीला लावलं आणि किती मिनिटं ठेवलं ते बिलावर लिहून मागा. मी मागते. गेल्या वेळी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "असं कुणी मागत नाही मॅडम." मग आत जाऊन विचारून आली, आणि बिलाच्या मागे बॉलपेनने लिहून दिलं. चार ओळी होत्या.