बंदूक घरात, धोका कोणाला?

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातल्या अनेक पाड्यांवर कर्ती माणसे नसतात. ती वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीला गेलेली असतात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि मुले. पोलीस ठाणे दूर असते, मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. अशा घराला रात्री कुत्री भुंकताना बंदुकीचा आधार हवासा वाटला, तर त्याला हसण्यात अर्थ नाही. आसाम सरकारने मे २०२५ मध्ये काही भागांतील स्थानिकांना शस्त्रपरवाने देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा स्वसंरक्षणासाठी सामान्य माणसाच्या हाती बंदूक असावी का, हा वाद पुन्हा पुढे आला.

स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क कायदा देतोच. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे त्यासाठीच आहेत. मात्र शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार त्याला परवाना लागतो. पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. पण कायद्याच्या चर्चेत आरोग्याचा एक साधा प्रश्न मागे पडतो. घरात आलेल्या बंदुकीची गोळी शेवटी लागते कोणाला?

अमेरिकेत तीन परगण्यांमध्ये झालेला आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबत गाजला. ज्या घरात बंदूक होती, तिथे खुनाचा धोका सुमारे २.७ पट आढळला आणि गोळी झाडणारा बहुधा घरातला किंवा जवळचा ओळखीचा होता. जिथे आधीच भांडणे आहेत तिथेच लोक बंदूक घेतात, असा आक्षेप यावर घेतला गेला आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. पण मग भांडणे असलेल्या घरात बंदूक जावी का, हा प्रश्न अधिकच टोकदार होतो.

दुसरा धोका याहून मोठा आहे. आपल्या ग्रामीण भागात रागाच्या किंवा निराशेच्या भरात कीटकनाशक पिण्याचे प्रकार घडतात. विषबाधा घातकच, पण बऱ्याचदा ती थोडा अवधी देते. उलट्या होतात, वास येतो, शेजारी धावतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात अ‍ॅट्रोपिन सुरू होते. वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आयुष्य जगतात, कारण मरणाची ती ओढ पुष्कळदा काही तासांचीच असते. बंदुकीने केलेल्या प्रयत्नांत सुमारे ९० टक्के माणसे दगावतात. तिथे पश्चात्तापालाही वेळ मिळत नाही.

तिसरा धोका ओळख चुकण्याचा. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यातल्याच मनोर भागात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली. त्याआधी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री जव्हारशेजारच्या डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे, चोर आल्याच्या अफवेतून जमावाने तिघांचा जीव घेतला. भेदरलेला माणूस अंधारात पारख करू शकत नाही. त्या जमावाच्या हाती बंदुका असत्या तर काय झाले असते, याचा विचार करावा.

त्यात इथला भूगोल. जवळून सुटलेले छर्रे आतडी, यकृत, रक्तवाहिन्या एकाच वेळी फाडतात. अशा रुग्णाला तातडीने शस्त्रक्रिया आणि रक्ताच्या अनेक पिशव्या लागतात. काही पाड्यांवरून रुग्णाला आजही डोलीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी घाट ओलांडून नाशिक गाठावे लागते. शहरात कदाचित वाचेल अशी जखम इथे वाटेतच जीव घेते.

म्हणजे पाड्यावरच्या माणसाने भीत बसावे काय? मुळीच नाही. त्याला ११२ वर वेळेत प्रतिसाद, रस्त्यावर दिवे, जागे ग्रामसुरक्षा दल आणि पिकाच्या नुकसानीची भरपाई लगेच मिळायला हवी. बंदुकीचा परवाना देण्यापेक्षा ही कामे खर्चिक आणि कष्टाची आहेत, म्हणून ती टाळता येणार नाहीत.

ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे, त्यांनी ती रिकामी करून कुलपात ठेवावी आणि दारूगोळा वेगळ्या जागी ठेवावा. घरात दारूचे व्यसन, सततची भांडणे किंवा खचलेले माणूस असेल तर ती पोलीस ठाण्यात जमा करावी. परवान्यासाठी लागणारे मानसिक तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र डॉक्टरांनीही नुसत्या सहीशिक्क्यावर देऊ नये. खचलेल्या माणसासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

निवडणुका आल्या की वातावरण तापते, म्हणून प्रशासन परवानाधारकांची शस्त्रे जमा करून घेते. घरातले वातावरण कधी तापेल, याची मात्र आधी सूचना मिळत नाही.