कामाचे तास आणि कामाचा मान
लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी आठवड्याला ९० तास कामाची अपेक्षा व्यक्त केल्याचे जानेवारी २०२५ मध्ये उघड झाले आणि वादळ उठले. चर्चा मात्र तासांपाशीच अडली. राबणाऱ्याला आपल्या कामात मान वाटावा म्हणून मालक स्वतःहून काय करतो, हे कोणी फारसे विचारले नाही.

जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये आला, भविष्यनिर्वाह निधी १९२० मध्ये. निधीचा केंद्रीय कायदा व्हायला १९५२ उजाडले. अर्थात तेथेही १९२० व १९२८ मध्ये मोठे संप झालेच. मालकाची उदारता कामगाराच्या आवाजाची जागा घेऊ शकत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. नेमणूकपत्र सक्तीचे झाले; ठरावीक मुदतीच्या कामगारालाही वर्षभरानंतर उपदानाचा हक्क मिळाला. गोव्यातील औद्योगिक वसाहतींत मात्र कायम आणि कंत्राटी कामगार खांद्याला खांदा लावून राबतात. कंत्राटदाराकडून आलेल्याच्या नेमणूकपत्रावर कारखान्याचे नाव नसते. त्याने कारखान्याला आपले का म्हणावे, याचे उत्तर संहितेत नाही. ते उद्योजकांनीच द्यायचे आहे.