दसऱ्याची डर्ट बाइक पोराच्या आजच्या मापाचीच घ्या!

पाऊस ओसरतोय, दसरा तोंडावर आलाय. मोटोक्रॉस खेळणाऱ्या मुलांच्या घरी सध्या एकच विषय आहे: जुनी गाडी लहान पडायला लागली, आता पुढची कोणती? खालापूर-कर्जतच्या सगळ्या पालकांना कळकळीची विनंती आहे, मुहूर्त गाठायच्या घाईत मोठी गाडी घेऊ नका. पोराची आजची उंची, आजचं वजन आणि आजचा सराव बघून गाडी ठरवा. टोकन देण्याआधी त्याला तिच्यावर बसवून बघा.

मोठी गाडी का घेतली जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. या गाड्यांची किंमत लाखांत जाते आणि मूल तर बघता बघता वाढतं. म्हणून शाळेच्या गणवेशासारखं जरा वाढत्या मापाचं घेऊ, दोन वर्षं तरी निघतील, असा हिशेब होतो. पण शर्टाच्या बाह्या दुमडता येतात. सीटची उंची आणि इंजिनाची ताकद दुमडता येत नाही.

28 जानेवारी 2024 रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत झाली. तिच्यात ज्युनियर मुलांसाठी 85 सीसीचा गट होता. अशा शर्यती पाहिल्या की मुलांना 85चे वेध लागणारच. पण आईबाबांनी हे नीट समजून घ्यायला हवं, की 85 सीसी म्हणजे घरातल्या 100 सीसीच्या गाडीपेक्षा छोटी गाडी नव्हे. हे शर्यतीसाठी बनवलेलं टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्याची ताकद आपल्या रोजच्या 100 सीसीच्या दुपटीहून जास्त असते, आणि ती एकसारखी येत नाही. कमी आरपीएमला गाडी शांत वाटते आणि वर गेली की एकदम उसळते. त्या क्षणी मुलाचे हात-पाय पुरे पडले नाहीत, तर गाडी त्याला घेऊन जाते.

मापांतला फरकही बघा. कावासाकीच्या केएक्स 65ची सीट जमिनीपासून सुमारे 76 सेंमीवर आहे आणि वजन 60 किलोच्या आसपास. केएक्स 85ची सीट सुमारे 83-84 सेंमी, वजन 75 किलो. केएक्स 250 तर 95 सेंमी उंच आणि 100 किलोहून जड. केटीएमची 85 एसएक्स दोन मापांत येते: एकीची चाकं पुढे 17 आणि मागे 14 इंची, दुसरीची 19 आणि 16 इंची. 65वरून येणाऱ्या मुलाला आधी लहान चाकांचीच द्या.

गेल्या हिवाळ्यात सावरोलीजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा मोठ्या गाडीवर सराव करत होता. थांबला की एकाच पायाचा चवडा कसाबसा टेकायचा. मुरमाच्या उतारावर तो पाय घसरला की गाडी आडवी. ती त्याला उचलता येईना, किकही मारता येईना. दर वेळी वडील धावत जायचे. थोड्या वेळाने त्या मुलाने थांबणंच टाळायला सुरुवात केली. वळणावर जिथे वेग कमी करायचा, तिथे तो गाडी तशीच वेगात न्यायचा, कारण थांबलो तर पडू ही धास्ती. न झेपणारी गाडी मुलाला अशा चुकीच्या सवयी लावते, आणि त्या पुढे वर्षानुवर्षं सुटत नाहीत.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा नाजूक भाग असतो. मोठ्या माणसाचा घोटा नुसता मुरगळेल, तिथे मुलाच्या या भागाला इजा होऊ शकते, आणि पुढे तो पाय आखूड किंवा वाकडा राहण्याची भीती असते. म्हणून खरेदीच्या वेळी ही तपासणी न चुकता करा:

1. बूट घालून सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत.
2. आडवी पडलेली गाडी त्याने स्वतः उचलली पाहिजे आणि स्वतः किक मारून चालू केली पाहिजे.
3. फूटपेगवर उभं राहिल्यावर गुडघे थोडे वाकलेले, कोपरं वर आणि पाठ मोकळी राहिली पाहिजे.
4. हँडल न सोडता एक-दोन बोटांनी क्लच आणि ब्रेक दाबता आला पाहिजे. लिव्हर आत घेण्याचा स्क्रू असतो, तो लावून बघा.
5. स्प्रिंग त्याच्या वजनाला जुळते का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. स्प्रिंग कडक असेल तर हलकं पोर प्रत्येक खड्ड्यात उडतं.

यातलं एक जरी जमलं नाही, तर सध्याच्याच गाडीचं हँडल उंच करा, सीटचा फोम वाढवा, वजनाप्रमाणे स्प्रिंग बदला. थोडक्या खर्चात आणखी एक हंगाम निघतो. हेल्मेट आणि बूट तर वाढत्या मापाचे कधीच घेऊ नका. सैल हेल्मेट पडताना डोक्यावर जागेवर राहत नाही.

दुसरी विनंती ज्यांची मुलं मोठी झाली त्यांना. खोपोली-कर्जतच्या फार्महाउसमध्ये, पुण्या-मुंबईच्या गॅरेजमध्ये तुमची 50 किंवा 65 सीसीची गाडी ताडपत्रीखाली पडून असेल, तर ती बाहेर काढा. कार्ब्युरेटर साफ करून घ्या, पिस्टन-रिंग बघा आणि खरेदीच्या पावतीसह रास्त भावात पुढच्या मुलाला द्या. विकायची नसेल तर एका हंगामापुरती वापरायला द्या. योग्य मापाची जुनी गाडी सहज मिळायला लागली, तर कुणी वाढत्या मापाची नवी घेणार नाही.

तिसरी विनंती जागामालकांना. मुरमाचा, कुंपण असलेला प्लॉट मोकळा असेल, तर रविवारची सकाळ या मुलांना द्या. जागा मिळाली नाही की पोरं भाताच्या खाचरांत, गुरचरणात, नाहीतर जुन्या महामार्गावर येतात. या गाड्यांना दिवे नसतात, नंबर नसतो, त्या रस्त्यासाठी नाहीतच. मोटार वाहन कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी टेम्पोत घालूनच न्या. सरावाला मोठं माणूस हजर हवं, आणि 108ची रुग्णवाहिका आत येईल अशी वाट मोकळी हवी.

मोठ्या गाडीचं टोकन आधीच दिलं असेल, तर विक्रेत्याला आजच फोन करा आणि लहान मापाची बदलून मिळते का विचारा. टोकनचे पैसे बुडाले तरी बुडू द्या. मोठी गाडी पुढच्या दसऱ्यालाही मिळेल, तोवर पोराचे पायही तिला पोचतील.