पडद्यावर न दिसणारी पावले

वार्धक्यात शरीराची राखीव ताकद इतकी आटत जाते की साधा ताप, बदललेली गोळी किंवा दोन दिवसांचे जुलाबही माणसाला अंथरुणाला खिळवू शकतात. वैद्यकशास्त्र या अवस्थेला क्षीणता म्हणते, घरात मात्र ‘आता थकलेत’ एवढ्यावर तिची बोळवण होते. वृद्धारोग्य संशोधक लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, सैल पडलेली पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेला वावर ही तिची पाच लक्षणे मांडली. यांपैकी तीन आढळली, तरी ती व्यक्ती क्षीण मानली जाते.

दूरवरून तपासणाऱ्या डॉक्टरला व्हिडिओ कॉलवर दिसतो तो चेहरा, आणि क्षीणता तर पावलांत असते. म्हणून फोन खाली धरायला सांगणारा डॉक्टर अधिक पाहतो: झिजलेल्या सपाता, न्हाणीघराचा उंचवटा, खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठणे, वळताना भिंतीकडे जाणारा हात. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे, या साध्या चाचणीला बारा सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका संभवतो. ती घेताना शेजारी कोणीतरी उभे हवेच. डॉक्टर दूर असला तरी सगळेच दूर असून भागत नाही.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांविषयी लिहिताना मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी रोगाआधी माणूस पाहण्याचा आग्रह धरला, आणि व्यक्तिकेंद्री शुश्रूषेचा गाभा तोच आहे. कॉलवरही हाच आग्रह हवा. भारतात मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी रुग्णाच्या वतीने काळजीवाहकाला बोलण्याची मुभा दिली, पण रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास सक्षम असेल आणि कॉलवर हजर नसेल, तर त्यासाठी अधिकृत परवानगी, नात्याचा पडताळलेला पुरावा किंवा आधीच्या प्रत्यक्ष भेटीत रुग्णाने दिलेली संमती मागितली. ही अट कागदी वाटली तरी तिच्यामागचा विचार मोलाचा आहे, कारण रुग्ण समोर असतानाही परगावचा मुलगा कॉलवर साखर आणि रक्तदाबाचे आकडे सांगत राहतो आणि ज्यांची प्रकृती विचारायची त्या आजी पदर सावरत गप्प बसून असतात. त्यांनाच विचारले, तर कदाचित कळेल की खाली बाकावर मैत्रिणींत बसणे सुटले ते गुडघ्यांमुळे नव्हे, सकाळच्या लघवीच्या गोळीमुळे. मग गोळीची वेळ बदलता येईल का, हा त्या कॉलमधला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो, जो आकड्यांतून कधीच निघाला नसता.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यकीय सेवेत आरोग्य केंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला डॉक्टरशी जोडून देतात, आणि एप्रिल २०२० पासून घरूनही सल्ला घेता येतो. क्षीण वृद्धांसाठी या दोन्ही वाटा एकत्र यायला हव्यात: दर वेळी शक्यतो तोच डॉक्टर, आणि घरात ओळखीचे माणूस. फोन धरणारा हात आरोग्य खात्याच्या आशा स्वयंसेविकेचा असेल, तर त्याच भेटीत गोळ्यांचा डबा उघडून कालची गोळी खणात तशीच राहिली आहे का, हेही पाहता येते.