चेन्नईची ‘शक्ती’, घरचा डेस्कटॉप आणि लेबलांचा बाजार

‘इंटेलला टक्कर देणारा भारतीय प्रोसेसर’ अशा थाटाची बातमी वर्षातून दोनचार वेळा तरी आपल्यापुढे येते. तिच्याखाली अभिनंदनांचा पाऊस पडतो, तिरंगे फडकतात, आणि त्या गर्दीत एखाद्या बारावीच्या किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न हरवून जातो : ‘मी घरी डेस्कटॉप जुळवणार आहे. हा प्रोसेसर त्यात बसेल का? की थोडे थांबू?’ त्याला उत्तर कोणी देत नाही. बहुधा प्रश्न बालिश वाटतो म्हणून. माझ्या मते त्या सगळ्या चर्चेत विज्ञानाचा प्रश्न तेवढा एकच असतो.

उत्तर असे : बसणार नाही, आणि थांबू नये. पण हे ‘नाही’ कशामुळे, ते समजावून देण्याचे काम बातमी लिहिणाऱ्याचे होते. त्याने ते केले नाही, कारण ते केले असते तर मथळा उरला नसता.

मथळ्यामागची हकिकत पाहा. चेन्नईत आयआयटी मद्रासच्या संगणकशास्त्र विभागात प्रा. व्ही. कामकोटी यांच्या नेतृत्वाखाली २०१४ च्या सुमारास ‘शक्ती’ प्रकल्प सुरू झाला. २०१८ मध्ये त्यातून ‘राइसक्रीक’ ही चिप आली आणि तिच्यावर लिनक्स चालले. तीनशे चिप्सचा तो जथा कोठे तयार झाला? अमेरिकेत, ओरेगॉन राज्यात, इंटेलच्या कारखान्यात, २२ नॅनोमीटर तंत्राने. ज्याच्याशी टक्कर असल्याची द्वाही फिरवली, त्याच्याच भट्टीत ही वीट भाजली गेली. यात लाजण्यासारखे काहीही नाही. आराखडा एकाचा आणि कारखाना दुसऱ्याचा, ही या धंद्याची आजची सर्वमान्य रीत आहे. एएमडीसुद्धा स्वतःचे प्रोसेसर तैवानच्या टीएसएमसीकडून करून घेते. लाज वाटायला हवी ती ही गोष्ट झाकून ठेवणाऱ्या मथळ्याची. त्याच वर्षी शक्तीची दुसरी चिप ‘रिमो’ चंडीगडजवळच्या मोहालीत, सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झाली. २०२० मध्ये त्याच कारखान्यातून ‘मौशिक’ आली. तिचा क्लॉक होता ७५ ते १०० मेगाहर्ट्झ.

इथे दुसरा पक्ष पुढे सरसावतो, आणि तो मला पहिल्यापेक्षाही कमी आवडतो. ‘शंभर मेगाहर्ट्झ! १८० नॅनोमीटर! जग कोठे आणि आपण कोठे!’ असे म्हणून हसणारे हे लोक स्वतःला वास्तववादी समजतात. त्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. १९९९ मध्ये इंटेलचा पेन्टियम थ्री १८० नॅनोमीटरवरच ७०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेला होता. तेव्हा सगळे खापर नॅनोमीटरवर फोडता येत नाही. कारखान्यातील प्रक्रिया किती बारकाईने जुळवली आहे, सूचना हाताळणारी साखळी किती टप्प्यांची आहे, त्या टप्प्यांचे काटेकोर आखणीकाम करणारे किती अनुभवी हात मागे आहेत, आणि मुळात चिप कशासाठी बनवली आहे, यांवर वेग ठरतो. मौशिक यंत्रोपकरणांच्या नियंत्रणासाठी होती. बैल घोड्याइतका धावत नाही म्हणून हसणाऱ्याने एकदा नांगर घोड्याला जुंपून पाहावा.

मोहालीच्या त्या कारखान्याचा इतिहासही हसण्याजोगा नाही. १९८४ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये आगीत तो खाक झाला. तो पुन्हा उभा राहीपर्यंत जग पुष्कळ पुढे निघून गेले होते. तरीही आज अग्निबाणाच्या मार्गदर्शनासाठी इस्रो जी चिप वापरते, ती तिथलीच. २००९ पासून प्रक्षेपकांत ‘विक्रम १६०१’ हा १६ बिटांचा प्रोसेसर होता. २०२५ च्या मार्चमध्ये त्याचा ३२ बिटांचा वारस ‘विक्रम ३२०१’ इस्रोच्या हाती सोपवला गेला. त्याच्या महिनाभर आधी आयआयटी मद्रास आणि इस्रो यांनी ‘आयरिस’ ही शक्तीवर आधारलेली चिप जाहीर केली होती : आराखडा चेन्नईचा, सिलिकॉन मोहालीचे, आवरण चढले कर्नाटकात, आणि बोर्डावर बसवून तिला जाग आणली पुन्हा चेन्नईत. अवकाशात किरणोत्साराचा मारा असतो. तेथे वेगापेक्षा विश्वास मोठा, आणि जुने, जाड, वर्षानुवर्षे पारखलेले तंत्र हाच गुण ठरतो. हे यश खरे आहे. मात्र ते यश घरच्या डेस्कटॉपचे नाही, आणि कोणी विचारले नसताना त्याला डेस्कटॉपच्या तराजूत घालणाऱ्यांनीच त्याचे वजन कमी केले आहे.

डेस्कटॉपमध्ये हा प्रोसेसर का बसत नाही, ते आता पाहू. मदरबोर्डावरच्या ज्या सॉकेटमध्ये तुम्ही प्रोसेसर ठेवता, तो इंटेल किंवा एएमडी यांचा असतो. एकाचाही सॉकेट दुसऱ्याची चिप स्वीकारत नाही, तेथे तिसऱ्याची कथा काय! त्याहून खोल अडचण भाषेची आहे. तुमचे विंडोज आणि त्यावरचे बहुतेक खेळ एक्स-८६ या सूचनासंचासाठी तयार झालेले असतात, आणि त्या संचाचे प्रोसेसर बनवण्याचा अधिकार मुख्यतः याच दोन कंपन्यांच्या हाती आहे. शक्ती बोलते ‘रिस्क-फाइव्ह’. हा सूचनासंच २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात जन्मला, तो मुक्त आहे, कोणालाही विनामूल्य वापरता येतो. म्हणजे पायाभूत भाषाही भारतीय नाही, जगाची आहे, आणि हेच तिचे बळ आहे. शिवाय शक्तीच्या आराखड्यात सर्व्हर आणि महासंगणकासाठीचे वर्ग योजलेले असले, तरी प्रत्यक्ष सिलिकॉनमध्ये उतरले ते लहान वर्ग : सूचना आल्या त्याच क्रमाने पार पाडणारे, मितव्ययी. रायझन किंवा कोअर मालिकेतील प्रोसेसर सूचनांचा क्रम क्षणोक्षणी बदलतो, पुढे कोणती वाट लागेल याचा अंदाज बांधून आधीच काम करून ठेवतो. डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकने जाहीर केलेला ‘ध्रुव-६४’ एक गिगाहर्ट्झचा, दोन गाभ्यांचा आहे. पाऊल मोठे आहे. पण तोही तुमच्या कॅबिनेटसाठी नाही.

आता बाजारात जाऊ, कारण लेबल पाहून भुलण्याचा हाच रोग तेथेही आहे. चेन्नईत माउंट रोडला लागून असलेली रिची स्ट्रीट, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, कोठेही जा. ‘आय-सेव्हन’ हे दोन शब्द उच्चारले की गिऱ्हाइकाचे डोळे चमकतात. २०११ चा आय७-२६०० जुन्या मदरबोर्डासकट ‘गेमिंग पीसी’ म्हणून गळ्यात मारला जातो. २०२२ चा साधा आय३-१२१०० त्याला सहज मागे टाकतो : दोघांचे गाभे चार, धागे आठ, पण मधल्या अकरा वर्षांत प्रत्येक टिकटिकीत होणारे काम पुष्कळ वाढले. आकडा पिढीचा वाचायचा असतो, ‘सेव्हन’चा नव्हे. याच मालिकेत शेवटी ‘एफ’ असलेली चिप थोडी स्वस्त मिळते, आणि घरी आणल्यावर पडदा काळाच राहतो, कारण तिच्यात चित्रदर्शनाचा भाग नसतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. कार्डासाठी पैसे नसतील तर रायझन ५ ५६००जी पाहावा. सहा गाभे, बारा धागे, बरे अंगभूत ग्राफिक्स. मात्र तो ५६०० चा नुसता ‘ग्राफिक्सवाला भाऊ’ नव्हे. त्याची तिसऱ्या पातळीची कॅश निम्मी, १६ मेगाबाइट आहे. त्याला रॅमची एक मोठी कांडी न देता दोन सारख्या कांड्या द्याव्यात. अंगभूत ग्राफिक्स रॅमवरच जगतात, आणि दोन वाटा मिळाल्या तर ते खुलतात. प्रोसेसरवर वाचलेला पैसा रॅम, एसएसडी आणि चांगल्या पॉवर सप्लायकडे वळवावा. पॉवर सप्लायवर काटकसर करणारा विद्यार्थी मी अजून सुखी पाहिलेला नाही.

एक गोष्ट चेन्नईकरांसाठी. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेहून थंड करू शकत नाही. मे महिन्यात, अग्निनक्षत्राच्या दिवसांत, वातानुकूलन नसलेल्या खोलीत बाहेरची हवाच चाळिशीला टेकलेली असते, आणि परदेशी चाचण्या बहुधा विशीतल्या तपमानात घेतलेल्या असतात. ६५ वॅटचा प्रोसेसर घेणे येथे कंजूषपणा ठरत नाही. तो हिशेबच आहे.

कोणी म्हणेल, राष्ट्रीय विज्ञानाची गोष्ट चालली असताना हे किराणा दुकान कशाला उघडले? उत्तर असे की या दोन गोष्टी मुळात एकच आहेत. शक्तीच्या प्रोसेसरांचा आराखडा मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेला आहे. तो ‘ब्लूस्पेक’ भाषेत लिहिलेला आहे, आणि तिचा कंपायलरही २०२० पासून मुक्त आहे. ५६००जी किंवा आय३ वर लिनक्स टाका, आराखडा उतरवून घ्या, तो ‘व्हेरिलेटर’मधून चालवा : तुमच्या टेबलावर, रिची स्ट्रीटवरून आणलेल्या परदेशी प्रोसेसरच्या पोटात, चेन्नईचा प्रोसेसर चालू लागेल. मंद चालेल, फार मंद. पण त्याची प्रत्येक तार तुम्हाला पाहता येईल, एखादा टप्पा बदलून काय बिघडते ते अनुभवता येईल. थोडे पैसे साठले तर ‘आर्टी ए७’ सारखा एफपीजीए बोर्ड घेऊन शक्तीचे ‘पिनाक’, ‘परशू’ किंवा ‘वज्र’ हे नमुने खऱ्या हार्डवेअरवर उतरवता येतात. आणि त्या बोर्डासाठी लागणारी व्हिवाडो ही प्रणाली? ती एक्स-८६ संगणकावरच चालते. भारतीय प्रोसेसर घडवू इच्छिणाऱ्याला आज इंटेल-एएमडीचे यंत्र हे अवजार म्हणून लागते. यावर ज्यांना राग येतो त्यांनी पुण्याचा ‘परम ८०००’ आठवावा. १९९१ मधल्या त्या महासंगणकाचा अभिमान आपण आजही बाळगतो, आणि योग्यच आहे. त्यातील प्रोसेसर मात्र ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्स्प्युटर होते. आपली होती ती त्यांना एकत्र राबवण्याची रचना. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक स्क्रू स्वदेशी होण्याची वाट पाहिली असती, तर परम झालाच नसता.

माझा खरा राग बातमीवर नाही, बातमीच्या खाली जे रिकामे आहे त्यावर आहे. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही विद्यार्थी १९७६ चा इंटेल ८०८५ आणि १९८० चा ८०५१ हाताळतात. भिंतीवर आत्मनिर्भर चिपचे पोस्टर, टेबलावर पन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकन चिपचा संच! केंद्र सरकारने २०२० मध्ये स्वदेशी मायक्रोप्रोसेसर स्पर्धा घेतली, २०२२ मध्ये रिस्क-फाइव्हसाठी स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला. सी-डॅकच्या ‘तेजस-३२’ चिपवरचे ‘एरीज’ बोर्ड विकतही मिळतात. मग विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना कशाने रोखले आहे?

सांगितले जाते की ८०८५ सोपा आहे, शिकवायला बरा. रिस्क-फाइव्हचा मूळ पूर्णांकी संच पन्नासहून कमी सूचनांचा आहे. ८०८५ चा त्याहून मोठा आणि अपवादांनी भरलेला. सांगितले जाते की शिक्षक तयार नाहीत. ते खरे आहे, आणि दरवर्षी तेच प्रयोग त्याच क्रमाने घेतले तर ते कधी तयार होणारही नाहीत. सांगितले जाते की पैसा नाही. सिम्युलेशनला बोर्ड लागत नाही. प्रयोगशाळेत आज ज्या संगणकांवर हजेरीचे तक्ते भरले जातात, त्यांवरही शक्तीचा लहान, तीन टप्प्यांचा ‘ई’ वर्ग चालवता येतो. ८०८५ चे झाकण उघडून आत पाहण्याची सोय कोणत्याही विद्यार्थ्याला कधी मिळाली नाही. शक्तीचे झाकण मुळात लावलेलेच नाही, आणि ते उघडे पुस्तक पुढ्यात असताना आपण मुलांकडून सोळा आकडी कळफलकावर ‘थ्री ई’, ‘झिरो फाइव्ह’ दाबून घेत आहोत.